गाडीची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासून पाहा

रात्री गाडी व्यवस्थित लावली, सकाळी चावी फिरवली आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता कण्हला. कुणाकडून तरी जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार) घेऊन गाडी सुरू केली, दिवसभर चालवली, काही त्रास नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं, बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली की महिनाभर बरं चालतं आणि एका सकाळी तोच कण्हण्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो.

माझ्या गाडीला हे झालं तेव्हा मी असंच केलं. नवी बॅटरी घातली आणि ती पंधरा दिवसांत पूर्ण उतरली. तेव्हापासून घरातल्या, नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच गाड्यांचं हेच दुखणं मी शोधत आले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बॅटरी उतरणं हे बहुतेक वेळा लक्षण असतं. बॅटरी नीट भरली जात नसते, किंवा गाडी बंद असताना कुणीतरी ती पीत असतं, किंवा ती भरलेली असूनही तिची ताकद सेल्फपर्यंत पोचत नसते. चौथी शक्यता, म्हणजे बॅटरीच म्हातारी झाली असण्याची, खरी असतेच. पण ती मोजून ठरवायची, अंदाजाने नाही.

खालचं सगळं साध्या १२ व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे.

आधी लक्षणं नीट ऐका

चावी फिरवल्यावर काय होतं ते शब्दांत सांगता आलं, तर अर्धं काम तिथेच होतं.

सेल्फ फिरतो पण जड, ओढल्यासारखा फिरतो: बॅटरी अर्धवट उतरलेली आहे, किंवा जोडणीत कुठेतरी प्रवाह अडतो आहे.

टकटकटकटक असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे त्या तालावर मंदावतात: सेल्फचा चुंबकी स्विच (सोलेनॉइड) आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढतो, व्होल्टेज कोसळतं, प्लंजर सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. बॅटरी बरीच उतरलेली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीच्या खुंटीवर बसणारी वायरची पकड) खराब आहे.

एकच ठसठशीत ‘टक्’ होतो, पुढे काही नाही, आणि दिवे लख्ख असतात: मुख्य वायरची जोडणी किंवा स्वतः सेल्फ यांच्यावर संशय.

काहीच आवाज नाही, पण दिवे लख्ख: चावीचा स्विच, क्लच किंवा गिअरच्या जागेचा स्विच, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा). इथे बॅटरीचा संबंध फारसा नसतो.

सेल्फ जोरात, नेहमीच्या वेगाने फिरतो पण इंजिन पकडत नाही: मग ही पोस्ट तुमच्या उपयोगाची नाही. दोष इंधनाचा, स्पार्कचा किंवा सेन्सरचा असेल. अशा वेळी सेल्फ मारत राहू नका, त्यानेच चांगली बॅटरी उतरते.

आणखी एक विचारून घ्या स्वतःलाच: गाडी किती वेळ उभी राहिल्यावर हे होतं? एका रात्रीत होत असेल तर पिणारा मोठा आहे. आठवड्याने होत असेल तर छोटा आहे. आणि बाजारात दहा मिनिटं थांबून परत आल्यावरही होत असेल, तर पिणारा वगैरे कुणी नाही. चार्जिंग किंवा जोडणी बघा.

आज निघायचंच असेल तर

जंप देताना क्रम चुकवू नका. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या आणि बंद. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन साचलेला असू शकतो, म्हणून ती ठिणगी लांब उडू द्यायची. काढताना नेमका उलटा क्रम.

बॅटरी फुगलेली असेल, तिला तडा असेल, आतलं पाणी बाहेर आलं असेल किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर जंप नाही, चार्जर नाही, काहीच नाही. बाजूला व्हा आणि मेकॅनिकला बोलवा. कडाक्याच्या थंडीत एक लक्षात ठेवा: भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली सात-आठ अंशांच्या आसपास गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला चार्जिंग देणं धोक्याचं आहे.

आणि हा गैरसमज मी फार जणांकडून ऐकला आहे: ‘अर्धा तास फिरवून आणली की झाली चार्ज.’ नाही होत. ४५ अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) बॅटरी अर्धी उतरली असेल तर तिला बावीसेक अँपिअर-तास परत द्यायचे असतात. आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) आधी गाडीचे दिवे, पंखा, इंधन पंप यांना पुरवतो, उरेल ते बॅटरीला. शिवाय बॅटरी जसजशी भरत येते तसतसा ती प्रवाह कमी घेते, त्यामुळे शेवटचा पाचवा हिस्सा भरायला फार वेळ लागतो. म्हणून पुढच्या तपासण्या सुरू करण्याआधी बॅटरी चार्जरवर लावून रात्रभर पूर्ण भरून घ्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर केलेली मोजमापं फसवतात.

फुकटातली तपासणी: डोळे आणि आठवण

बॅटरीवरची तारीख बघा. तीन ते पाच वर्षं हे साधारण आयुष्य, सतत उष्णतेत राहणाऱ्या गाडीत त्याहून कमी. थंडीत बॅटरी बंद पडते खरी, पण तिला आतून मारलेलं असतं ते उन्हाळ्याने. थंडी फक्त उघडं पाडते.

मग गाडीचा वापर आठवा. आमच्या शेजारच्या काकांची बॅटरी दर दोन महिन्यांनी उतरायची. मी विचारलं, “काका, गाडी रोज किती चालते?” म्हणाले, “रोज चालते गं, सकाळी हिला सोडायला जातो, येतो.” जाऊन येऊन पंधरा मिनिटं, हेडलाइट आणि पंखा चालू. त्या गाडीत दोष काहीच नव्हता. ती बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसत जातात आणि मग ती भरायची म्हटलं तरी भरत नाही. आता काका पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर चार्जर लावतात.

नंतर लावलेल्या वस्तू मोजा. डॅशकॅम, ट्रॅकर, मोठा म्युझिक सिस्टिम, वेगळा अलार्म, मोबाइल चार्जर. यातलं काय चावी बंद केल्यावरही चालू राहतं? अंधारात गाडीपाशी उभं राहून आत बघा, कुठे लाल-निळा ठिपका दिसतो का. मावसबहिणीच्या गाडीत डॅशकॅम थेट बॅटरीला जोडलेला होता; ‘पार्किंग मोड’ बंद केल्यावर तिचा प्रश्न सुटला, एकही पाना न लावता.

आता माझ्या पंधरा दिवसांत उतरलेल्या बॅटरीची गोष्ट. डिकीतला दिवा. झाकण लावल्यावर दाबला जाणारा छोटा स्विच अडकला होता, दिवा बंद डिकीत अखंड जळत होता. ५ वॅटचा दिवा म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअर. दिवसाचे २४ तास धरले तर १० अँपिअर-तास. दोन दिवस गाडी हलली नाही की ४५ची बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी. बंद डिकीत दिवा जळतो का हे कळणार कसं? मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने काढून बघा. पुढच्या खणातल्या दिव्यालाही हीच युक्ती. आता ही गोष्ट मी सगळ्यात आधी करते, कारण नवीन बॅटरीचा खर्च वाचवणारी याहून सोपी तपासणी मला माहीत नाही.

टर्मिनल: इथे घाई करू नका

माझ्या अनुभवात ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच फक्त टर्मिनल साफ करून घट्ट केल्यावर सुरू झाल्या आहेत. यामागचं गणित एकदा समजून घेतलं की तुम्ही ही पायरी कधी टाळणार नाही.

सेल्फ सुरू होताना दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, डिझेल गाडीत बरेच जास्त. टर्मिनल आणि बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये मळाचा पातळ थर आहे आणि त्याचा रोध एका ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे असं धरा. दीडशे अँपिअर त्यातून जायला गेले की तिथेच दीड व्होल्ट खाल्ला जातो. त्याच थरातून ०.४ अँपिअरचा दिवा मात्र खुशाल जळतो, त्याचं काहीच नुकसान होत नाही. म्हणून ‘दिवे तर लागतात, मग जोडणी ठीकच असणार’ हा निष्कर्ष चुकीचा. आणि हाच थर चार्जिंगही अडवतो, म्हणजे दोन्हीकडून मार.

गाडी बंद, चावी खिशात, एक काच खाली. (वीज तुटल्यावर काही गाड्यांची लॉक वागायची तशी वागत नाहीत.) अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा; डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे. टर्मिनल हाताने धरून पिळून बघा. हाताने तसूभरही फिरलं तर ते सैल आहे. आतल्या बाजूने ते खुंटीला लागत असतं फक्त एका कडेने.

काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, मायनस शेवटी. हा नियम पाठ करण्यापेक्षा त्याचं कारण लक्षात ठेवा: गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्यातून बॅटरीचा पूर्ण शॉर्ट. पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. मायनस आधी काढला की प्लसचा पाना बॉडीला कुठेही टेकला तरी काही होत नाही.

पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येईल, तो आम्ल मरत असल्याचा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करा, मग खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. वरून स्वच्छ दिसणारं टर्मिनल आतून काळपट असू शकतं, मेहुण्याच्या गाडीत नेमकं तसंच होतं. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

इथेच न थांबता मायनसची वायर जिथे बॉडीला आणि इंजिनला बोल्टने लावलेली असते ती टोकंही बघा. ती अर्थिंगची जागा चिखलपाण्यात असते, गंजते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मल्टिमीटर काढा

इथून पुढे साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. डीसी व्होल्ट, २० ची रेंज.

पहिलं मोजमाप: गाडी बंद करून, किंवा चार्जर काढून, किमान तीन-चार तास झाल्यावर. रात्रभर उभी असेल तर उत्तम. चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर प्लेटांवरचा वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे तळाला गेलेली. आकड्यांमधलं अंतर किती कमी आहे ते बघा: १२.६ आणि १२.० ऐकायला सारखेच वाटतात, पण एक भरलेली बॅटरी आहे आणि दुसरी जवळजवळ रिकामी.

पूर्ण भरून, सगळ्या वायरी काढून, बॅटरी नुसती बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आकडा १२.४ च्या खाली आला, तर बॅटरी स्वतःच स्वतःला खाते आहे. गाडीत काही शोधू नका, बॅटरी बदला. ही चाचणी फार साधी आहे आणि गाडी दोषी की बॅटरी, याचा निवाडा करते.

दुसरं मोजमाप: कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी बॅटरीवरचा आकडा बघा. बॅटरी भरलेली असताना तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही. १०-११ च्या वर राहतो आणि तरी सेल्फ जड फिरतो, तर बॅटरी निर्दोष. मधल्या वायरी किंवा सेल्फ बघायचे. त्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (टर्मिनलवर नाही, खुंटीवर) आणि दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. तिथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचे बोल्ट प्रवाह अडवत आहेत. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि वायरी-बाह्या पंख्यापासून लांब.

तिसरं: इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावून थोडा रेस द्या, १३.५ च्या आसपास तरी टिकलं पाहिजे. १२.६ किंवा खाली राहिलं तर आल्टरनेटर भरत नाही. आधी बेल्ट बघा, इंजिन बंद करून: सैल, तडे गेलेला, तेलकट? सुरू करताना चिरकणारा आवाज येतो? मग आल्टरनेटरच्या मागची वायर. सतत १५ च्या वर गेलं तर नियंत्रण बिघडलं आहे आणि बॅटरी उकळते आहे. गाडी चालवू नका. नव्या गाड्यांमध्ये चार्जिंग संगणक ठरवतो आणि बॅटरी भरलेली असताना आकडा मुद्दाम खाली आणतो, म्हणून एकदाच बघून आल्टरनेटरला दोष देऊ नका. वेगवेगळ्या भाराखाली बघा.

एक काम मात्र कधीच करू नका. ‘इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघ, बंद पडलं तर आल्टरनेटर खराब’, असं जुने लोक सांगतात. बॅटरी ही त्या वेळी व्होल्टेजचे झटके शोषून घेत असते. ती काढली की आल्टरनेटरचा झटका थेट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर जातो आणि संगणक जळू शकतो.

बंद गाडीत कोण पितंय?

बॅटरी चांगली, टर्मिनल चकचकीत, चार्जिंग ठीक, तरी सकाळी १२.१. मग गळती शोधायची. याला दीड-दोन तास निवांत वेळ काढा.

प्रत्येक बंद गाडी थोडं पितेच: घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, संगणकाची स्मृती. ५० मिलीअँपिअरपर्यंत सहसा ठीक धरतात. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, चांगली बॅटरी ते दोन-तीन आठवडे सहन करते. पण तोच आकडा ५०० झाला तर दिवसाला १२, आणि दोन दिवसांत खेळ संपतो.

मीटर १० अँपिअरच्या भोकात लावा आणि डायलही तिथेच फिरवा. गाडी बंद, किल्ली बरीच लांब घरात नेऊन ठेवा. खिशात ठेवूनच गाडी उघडते तसली किल्ली जवळ असेल तर गाडी झोपतच नाही. बोनेट उघडं, पण त्याचं लॅच (कुलपाची खिटी) स्क्रू ड्रायव्हरने हळूच बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला बोनेट लागलंय असं वाटेल. फ्यूज बॉक्स दार उघडल्याशिवाय हाताला येत नसेल तर दाराच्या लॅचलाही तेच करा. नंतर बोनेट-दार आपटण्याआधी ती लॅच पुन्हा उघडायला विसरू नका.

मायनस वायर काढून मीटर तिच्या आणि खुंटीच्या मधोमध जोडायचा, म्हणजे गाडीला जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. जोडताच आकडा काही अँपिअर दाखवेल. घाबरू नका, गाडी जागी झाली आहे. पाव तास, अर्धा तास, काही गाड्यांत त्याहूनही जास्त थांबावं लागतं. संगणक एकेक करून झोपतात आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. बहुतेक लोक इथे चुकतात. पाच मिनिटांत आकडा बघून ‘केवढी गळती!’ म्हणतात आणि नसलेला दोष शोधत बसतात. या सगळ्या काळात चावी लावायची नाही, सेल्फ मारायचा नाही. दीडशे अँपिअर त्या मीटरमधून गेले तर त्याचा फ्यूज उडेल, आणि स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसेल तर मीटर हातात जळेल.

आकडा स्थिरावला आणि तो ५० च्या बराच वर असेल तर पिणारा सापडायचा आहे. पूर्वी मी एकेक फ्यूज उपटून बघत असे. जुन्या गाडीत अजूनही चालतं. नव्या गाडीत फ्यूज काढून घातला की झोपलेला संगणक जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. आता मी फ्यूज जागेवरच ठेवते. गळती आहे हे पक्कं झालं की मीटर मधून काढून मायनस वायर नीट जोडते, गाडी पुन्हा झोपू देते, मीटर मिलिव्होल्टवर लावते आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर दोन पिना टेकवते. फ्यूज म्हणजे पातळ पट्टी, तिलाही किंचित रोध असतो. प्रवाह जात असेल तर एक-दोन किंवा अधिक मिलिव्होल्ट दिसतात. जात नसेल तर शून्य. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो, पिणारा त्याच्या पलीकडे बसला आहे. बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तो फ्यूज कशाकशाला जातो ते लिहिलेलं असतं.

मग त्या यादीतल्या वस्तू एकेक करून बाजूला करा. म्युझिक सिस्टिम हा माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा सापडलेला गुन्हेगार, विशेषतः बाहेरून बसवलेला, ज्याच्या चावीच्या आणि कायमच्या वायरी एकत्र बांधून टाकलेल्या असतात. त्याखालोखाल चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच): बंद गाडीत तो हाताला कोमट लागतो. तसाच दुसरा रिले शेजारी असेल तर त्याच्याशी अदलाबदल करून खात्री करता येते.

सगळे फ्यूज शून्य, आणि तरी गळती? मग फ्यूज बॉक्सच्या बाहेरून जाणाऱ्या जाड वायरी उरतात, त्यात मुख्य आल्टरनेटर. त्याच्या आत डायोड असतात, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे. एक डायोड फुटला की आल्टरनेटर दिवसा बॅटरी भरतो आणि रात्री तीच पितो. अशा गाडीत इंजिन चालू असताना आकडा १३.९ वगैरे ठीकठाक दिसू शकतो, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोडवर दाट संशय. खात्रीसाठी बॅटरीचा मायनस काढून आल्टरनेटरची जाड वायर सोडवायची, तिचं टोक टेपने पूर्ण गुंडाळायचं आणि गळती पुन्हा मोजायची. आकडा खाली आला तर चोर सापडला. ती वायर सोडवलेली असताना इंजिन सुरू करू नका.

इथे थांबा

नारिंगी रंगाची जाड वायर दिसली तर हात मागे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत त्या वायरींमध्ये जीव घेणारं व्होल्टेज असतं. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींनाही मीटर लावू नका. त्या सहसा एअरबॅगच्या असतात आणि एअरबॅग चुकून फुटू शकते.

एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, किंवा कुठे वितळलेलं आवरण, जळका वास आला, तर मायनस काढून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठा फ्यूज घालून काम चालवणं म्हणजे पुढे वायर जाळण्याची तयारी.

गळती सापडली पण ती एखाद्या संगणकाच्या फ्यूजवर आहे, आणि तो संगणक झोपत का नाही ते कळत नाही, तर तिथे घरचा मीटर पुरत नाही. गाडीच्या संगणकाला जोडून दोष वाचणारा स्कॅनर लागतो. कधी येणारी, कधी न येणारी गळतीही तशीच. अशा वेळी मी सगळी मोजमापं तारीख-वेळेसह कागदावर लिहून तो कागद इलेक्ट्रिशियनच्या हातात देते. ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगितलं की तो शून्यापासून सुरुवात करतो. ‘अर्ध्या तासानंतर ३८० मिलीअँपिअर, अमुक फ्यूजवर’ सांगितलं की थेट तिथे जातो.

सेल्फ किंवा आल्टरनेटर उतरवायला गाडीखाली जावं लागत असेल, आणि तुमच्याकडे फक्त गाडीबरोबर आलेला जॅक असेल, तर ते काम घरी नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

आणि बॅटरी बदलायची वेळ आलीच तर जिथे इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं अशा गाडीत जुनी होती त्याच प्रकारची बॅटरी घाला. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते, नाहीतर तो तिला म्हातारी समजूनच चार्ज करत राहतो. ही नोंद करायचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच ती करून घ्या.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

गाडी सुरू झाली म्हणजे झालं असं मी धरत नाही. जंप दिल्यावरही ती सुरू होत होतीच. बॅटरी पूर्ण भरा. रात्री गाडी लावून तीन-चार तास झाल्यावर आकडा लिहा, सकाळी दार उघडण्याआधी बोनेटखाली पुन्हा लिहा. बोनेट आतल्या खटक्याने उघडत असेल तर तो रात्रीच ओढून ठेवा. असं सलग तीन रात्री. रात्री १२.६५ आणि सकाळी १२.६० असेल तर ठीक आहे. एका रात्रीत ०.१ पेक्षा जास्त घसरण दिसली, तर दुसरा कुणीतरी अजून पितो आहे. फ्यूजच्या ठिपक्यांपासून पुन्हा सुरुवात करा. मला एका गाडीत डिकीचा दिवा आणि म्युझिक सिस्टिम असे दोघं एकदम सापडले होते, आणि पहिला सापडल्यावर मी मोजणं थांबवलं असतं तर दुसरा तसाच राहिला असता.